अडीच तासांची वाळू

२ डिसेंबर, सोमवार. दुपारी ४ वाजून ४० मिनिटे.

धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून खुर्च्या मोजत आहे. घडीच्या खुर्च्या अठ्ठेचाळीस, त्यांतल्या तीन लंगड्या. टेबले बारा. कंदील तीस, काचा एकोणतीस. दुसऱ्यांदा मोजल्या तरी तेवढ्याच भरल्या, म्हणून आता वही उघडली. ताई म्हणाली, "रोज थोडं लिहीत जा. डोक्यातले किडे वहीत गेले तर रात्री डोळा तरी लागेल."

काम असे आहे. आमच्या बेटाच्या या बाजूला, किनाऱ्यापासून होडीने सात मिनिटांवर, समुद्रात वाळूचा एक पट्टा आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाच-सहा दिवस मोठी ओहोटी लागते, तेव्हा तो संध्याकाळी वर येतो, अडीच तास राहतो आणि पुन्हा बुडतो. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, या अडीच तासांचा धंदा काढला आहे. पाहुण्यांना होडीतून न्यायचे, कंदील लावायचे, गरम जेवण, गिटारवाल्याची गाणी, आणि पट्टा बुडायच्या आत सगळे काही उचलून परत. इथे येणाऱ्यांना रात्री करमणूक कमी नाही. मोठ्या हॉटेलात आगीचे खेळ होतात, तलावाभोवती नाच चालतो, बाजाराच्या रस्त्यावर पहाटे तीनपर्यंत माइकवर कोणीही गाऊ शकतो. "पण जेवून उठल्यावर नाहीशी होणारी जागा फक्त आमच्याकडे." हे वाक्य आमच्या पत्रकावर आहे. माझेच आहे.

ताईने स्वतःच्या घरासाठी साठवलेले सगळे यात घातले आहे. हंगाम वाया गेला तर दोघांना पुन्हा दाजींच्या थोरल्या भावाच्या पोटमाळ्यावर जावे लागेल. तिथे ताईला पाण्याचा तांब्या भरायलाही विचारावे लागायचे. मी पाहिले आहे.

माझ्याकडे वेळ सांभाळायचे काम आहे. पट्टा बुडायच्या अर्धा तास आधी शिट्टी द्यायची. शाळा नववीत सुटली, पण भरती-ओहोटीचा तक्ता मला नीट वाचता येतो. एक गोष्ट फक्त इथे लिहितो. माझे घड्याळ मी पंधरा मिनिटे पुढे ठेवले आहे. कोणाला सांगितलेले नाही. वजाबाकीत हातचा असतो तशी ही पंधरा मिनिटे हातची. सांगितली तर हातची राहणार नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार. रात्री ११.३०.

तेवीस पाहुणे. पट्टा वर आला ७.४० ला, बुडायचा १०.१० ला. माझ्या घड्याळात ९.४० झाले तशी शिट्टी दिली. चांगली जोरात दिली. कोणी हलले नाही.

आचारी म्हणाला, "मिनिटराव बोलले. चला, अजून एक घाणा काढू." हे तो स्वतःलाच म्हणाला, कारण त्याच्या हाताखाली कोणी नाही. मिनिटराव हे नाव त्यानेच ठेवले आहे. दाजींनी गिटारवाल्याला बोटाने खूण केली, अजून एक गाणे. नावाडीकाकांनी तर शिट्टी ऐकून सिगरेट पेटवली. मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, दोर सोडायचा ना?"

"सोडू की. ही संपली की सोडू."

"आणि पाणी?"

"पाणी माझ्या बापाच्या ओळखीचं आहे, बाळा. ते काही न सांगता येत नाही."

ताईने मला विचारले, "तुझ्या घड्याळात किती झाले?" सांगितले, नऊ चव्वेचाळीस. तिने पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मग बसू दे त्यांना जरा. जेवतायत."

लोकांना शिस्त नाही. नशीब, मी हातचे ठेवले आहेत. ते नसते तर रोज गुडघाभर पाण्यातून परतावे लागले असते. याआधी लॉजवर होतो तेव्हाही असेच. गॅस बंद आहे का ते बघायला रात्री तीनदा उठायचो. एकदा पाहुण्यांनाही उठवून विचारले, तेव्हा मालकाने काढून टाकले. पण त्या लॉजवर कधी आग लागली नाही, हे कोणी बोलत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार.

काल शेवटची रात्र होती. आता ओहोटी लहान झाली, पट्टा वर येणार नाही. पाच रात्रींत एकशे चार पाहुणे. दाजी खूश आहेत. मला म्हणाले, "तुझ्या जिवावर चाललंय बघ." थट्टा होती की काय, कळले नाही. पायांना मीठ चरून भेगा पडल्या आहेत. सगळ्या खुर्च्या गोड्या पाण्याने धुतल्या.

९ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.

सकाळपासून धक्क्यावर पत्रके वाटली. दोनशे दिली, त्यांतली एकसष्ट धक्क्याच्या पायऱ्यांवरच पडलेली सापडली. उचलून पुसली, उद्या पुन्हा देता येतील. मोठ्या हॉटेलचा पत्रके वाटणारा माझ्या शेजारीच उभा असतो. त्याची रंगीत आहेत, वर नाचणाऱ्या बाईचे चित्र. म्हणाला, "मित्रा, तुमची जागा बुडते हे छापून कशाला सांगता? कोण पैसे देऊन बुडायला येईल?" मी म्हणालो, जे आहे ते लिहायला नको का? तो म्हणाला, "मग आमच्या पत्रकावर या बाईचं वय लिहू का?"

त्याच्याकडे दिवसभर गर्दी होती. मी दमलो. उभे राहून दमलो नाही, हसून दमलो. पाहुणा उतरला की हसायचे असते.

१४ डिसेंबर, शनिवार.

आज पुन्हा सुरू. बत्तीस पाहुणे. शिट्टी दिल्यावर आचाऱ्याने सरळ नव्याने कढई तापवली. मी रिकामी ताटे गोळा करायला लागलो. किती बोलायचे?

१६ डिसेंबर, सोमवार. रात्री ११.५०.

झोप येणार नाही. आज पट्टा ९.२० ला बुडायचा होता. माझ्या घड्याळात ८.५० झाले आणि शिट्टी दिली. कडेच्या टेबलावर एक आजी आणि त्यांचे यजमान बसले होते. दोघे सत्तरीपलीकडचे असतील. आजींनी मला बोटाने बोलावले.

"बाळ, किती वाजले म्हणालास?"

"आठ पन्नास, आजी."

त्यांनी फोन पुढे केला. त्यावर ८.३५ होते.

"आम्ही अडीच तासांचे पैसे भरलेत. एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला, आणि हे पहिल्यांदाच मला समुद्रावर घेऊन आलेत. ही पंधरा मिनिटं तू कुणाला विकलीस?"

आजोबा म्हणाले, "जाऊ दे गं. पोरगा आहे." त्या हसून म्हणाल्या, "पोरगा आहे म्हणूनच सांगतेय. मोठा झाल्यावर कोण सांगणार?"

माझे कान तापले. इतक्या रात्रींत कोणी घड्याळ पाहिले नव्हते. सुट्टीवर आलेला माणूस घड्याळ कशाला बघेल? मी त्याचाच फायदा घेत होतो. पत्रकावर अडीच तास लिहिणारा मी आणि त्यातली पंधरा मिनिटे आधीच शिट्टी देऊन कापणाराही मीच. काळजी वेगळी आणि फसवणूक वेगळी, असे मी धरून चाललो होतो. आजींना तो फरक दिसला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ४.१५.

घड्याळात ४.३० होते, त्याचे ४.१५ केले. रेडिओच्या वेळेशी तीनदा ताडून पाहिले. आता बरोबर आहे.

कोणाला सांगायचे नाही असे ठरवले. आज बरोबर केले हे सांगायचे तर इतके दिवस चूक होते हेही सांगावे लागेल. दाजी आयुष्यभर चिडवतील. यापुढे शिट्टी खरी असेल एवढे पुरे.

आज एका कंपनीची चाळीस माणसे आहेत. हंगामातली सगळ्यात मोठी रात्र. त्यांच्यासाठी विजेचे दिवे आणि जनरेटरही आणला आहे. ताई म्हणाली, ही नीट पार पडली की घराच्या अनामतीचा अर्धा आकडा भरेल. तिने आज केसांत क्लिप लावली आहे. पुष्कळ दिवसांनी.

पट्टा ७.३५ ते १०.०५. शिट्टी ९.३५.

१८ डिसेंबर, बुधवार. सकाळी ७.

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो.

९.३५ ला शिट्टी दिली. बरोबर ९.३५. दोन होड्या, प्रत्येकीत दहा पाहुणे, म्हणजे चाळीस जणांच्या दोन फेऱ्या. कंपनीच्या साहेबांचे भाषण सुरू झाले होते. दाजी म्हणाले, "बोला साहेब, निवांत बोला." आचारी तळत होता. काकांची सिगरेट नुकती पेटली होती.

मी दाजींजवळ गेलो. "दाजी, निघायला हवं."

"निघू रे. तुझं नेहमीचंच आहे."

"नेहमीचं नाही. आज खरंच."

"तुझं रोजच खरंच असतं, मिनिटराव." आणि त्यांनी माझ्या पाठीवर थोपटले.

तेव्हा सांगायला हवे होते. 'आज घड्याळ बरोबर आहे' एवढेच. तीन-चार शब्द. ते माझ्या ओठांवर आले होते. पण चाळीस माणसे बसली होती, आचारी बघत होता, आणि मला वाटले, सगळे हसतील. मी गिळले. दुसरी शिट्टी दिली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

पहिली फेरी ९.५० ला निघाली. ती परत येईपर्यंत पाणी आले. मला वाटायचे की वाळू कडेने बुडते. तसे नाही. ती मधूनही ओली होते, मऊ होते, पाय आत जातो आणि मग कळते की आपण पाण्यात उभे आहोत. उरलेले वीस जण आधी हसत होते. बूट हातात घेऊन फोटो काढत होते. एकजण म्हणाला, "वा, काय कल्पना आहे!" त्यांना वाटले, हाही कार्यक्रमातलाच भाग. मग एक रिकामी खुर्ची त्यांच्यासमोरून तरंगत गेली. कंदील पहिल्या फेरीतच परत गेले होते. मग जनरेटर खोकला आणि सगळे दिवे गेले. चांदणे होते, पण दिव्यांनंतर चांदणे काळोखासारखेच वाटते. हसणे थांबले.

ताई पाण्यात मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी एकमेकांचे हात धरा. आणि बोलत राहा. ज्याला काही सुचत नाही त्याने आपल्या सासूबद्दल बोला." दोघे-तिघे खरोखर बोलले. एका बाईंचे सासूबद्दलचे बोलणे होडीत बसेपर्यंत संपले नव्हते. मी शिट्टी वाजवत होतो, होड्यांना दिशा कळावी म्हणून. तोंड सुकले तरी वाजवत होतो. काळोखात होड्या चुकून लांबवर गेल्या होत्या; त्या आल्या तेव्हा ताईच्या कंबरेपर्यंत पाणी होते.

पाहुणे चढले. दाजी जनरेटर सोडेनात. तो भाड्याचा होता. काका म्हणाले, "राहू दे रे." दाजी म्हणाले, "काका, एक हात लावा फक्त." काकांनी हात लावला. त्याच वेळी लाट आली, होडी हलली, आणि काकांचा उजवा हात होडीच्या कडेत आणि जनरेटरमध्ये सापडला. काका ओरडले नाहीत. "हं," एवढेच म्हणाले.

मधली दोन बोटे चिरडली. डॉक्टरांनी रात्रीच एक काढले.

१९ डिसेंबर, गुरुवार. रात्री ९.

बंदरावरच्या साहेबांनी परवाना अडकवून ठेवला आहे. त्यांनी माझी वेळांची वही तपासली. म्हणाले, "तुझी वही स्वच्छ आहे. शिट्टी वेळेवर झालेली. मालकाने पंधरा मिनिटं काढली, म्हणजे निष्काळजीपणा मालकाचा. परवाना रद्द होईल असं धरून चाला. उद्या तुझा जबाब लेखी आण."

घरी आलो तर दाजी दारातच बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घड्याळ कधी बरोबर केलंस?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, पहिल्याच रात्री कळलं. तुझी शिट्टी झाली तेव्हा पाणी वीस पावलं लांब होतं. काकांना कळलं, आचाऱ्याला कळलं. गिटारवाल्याला तर पाण्याची अक्कल नाही, त्यालाही कळलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

आतून ताई म्हणाली, "बोललो असतो तर तू दुसऱ्या दिवशी अर्धा तास पुढे केलं असतंस."

खरे आहे. केले असते.

म्हणजे सगळे जण रोज माझी पंधरा मिनिटे वजा करून मला ऐकत होते. एक गाणे, एक घाणा, एक सिगरेट, हे सगळे माझ्या हातच्यात बसवलेले होते. मी त्यांना बेशिस्त म्हणत होतो आणि ते मला सांभाळून घेत होते. आणि मी एकट्याने प्रामाणिक झालो.

मी म्हणालो, "जबाबात मी सगळं लिहितो."

दाजी एकदम उठले. "वहीत आहे तेवढंच लिही. शिट्टी नऊ पस्तीसला झाली. खोटं आहे का? तुझ्यामागे आधीच ती लॉजची कटकट. उगाच कशाला अंगावर घेतोस? परत कोणी दारात उभं करणार नाही तुला."

"आणि परवाना?"

ते दारातल्या चपला सरळ लावू लागले. ताई ओले टेबलक्लॉथ पिळत होती. ती बोलली असती तर मला सोपे गेले असते.

२० डिसेंबर, शुक्रवार. दुपारी २.

रात्री दोन वेळा कच्चे लिहिले, सकाळी पक्के. दोन पाने झाली. घड्याळ कधीपासून पुढे होते, का होते, कोणत्या दिवशी किती वाजता बरोबर केले, कोणाला सांगितले नाही, का सांगितले नाही. दाजी माझ्याजवळ उभे असताना शब्द गिळले तेही लिहिले. मालक थांबले ते रोजच्या अंदाजाने थांबले, आणि तो अंदाज मी न सांगता मोडला. जनरेटरचेही लिहिले. ते दाजींच्या विरुद्ध जाते, पण गाळले असते तर बाकीचेही खोटे वाटले असते.

साहेबांनी चष्मा लावून वाचले. पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"घड्याळ बरोबर केल्याबद्दल माफी मागणारा पहिलाच भेटलास."

"बरोबर केल्याबद्दल नाही, साहेब. न सांगता केल्याबद्दल."

"शिक्षण किती?"

"नववी, साहेब. नापास नाही, सुटली."

"हं. एकही खाडाखोड नाही," एवढे म्हणून त्यांनी कागद फायलीत ठेवला. हे चांगले की वाईट, मला कळले नाही. येताना काकांच्या घरी गेलो. हात उशीवर ठेवून पडले होते. मी सगळे सांगितले. त्यांनी पट्टी बांधलेला हात उशीवर नीट सरकवला. मग म्हणाले, "मी पाण्याकडे बघायचं सोडून तुझ्या शिट्टीकडे बघायला लागलो. तिथंच चुकलं." मला त्यांनी रागवावे असे वाटत होते. ते चहा कर म्हणाले. केला. साखर कुठे आहे ते सापडेना.

२४ डिसेंबर, मंगळवार.

निकाल आला. परवाना राहिला. दंड तीन हजार. यापुढे एका वेळी फक्त वीस पाहुणे. शिट्टी बंदराचा माणूस येऊन देईल, त्याची मजुरी आम्ही द्यायची. आणि शेवटची अट, मला वेळेचे किंवा सुरक्षेचे कोणतेही काम द्यायचे नाही.

ताईने कागद दोनदा वाचला. मग देवासमोर न ठेवता पिठाच्या डब्याखाली ठेवला, तिथे ती महत्त्वाचे कागद ठेवते. "घराचं अजून जमेल," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "जेवलास का?" मी जेवलो होतो. तरी पुन्हा वाढले. तरी पुन्हा जेवलो.

३० डिसेंबर, सोमवार. रात्री १०.

आज पुन्हा सुरू झाले. वीस पाहुणे. माझ्याकडे खुर्च्या आणि ताटे. घड्याळ घरी ठेवून गेलो, कारण मनगटावर असते तर बघितले असते.

काकांच्या जागी त्यांचा पुतण्या होता. पन्नाशीचा माणूस, फार बोलत नाही. बंदराचा माणूस पट्ट्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसला होता. जेवण घेतले नाही, गाणी ऐकली नाहीत. ८.०५ ला त्याने शिट्टी दिली. माझ्या शिट्टीच्या निम्म्यानेही जोरात नव्हती.

सगळे लगेच उठले. गिटारवाल्याने गाणे कडव्यात तोडले. आचाऱ्याने घाणा अर्धा कच्चाच तेलातून काढला आणि शेगडी विझवली. दाजी पाहुण्यांच्या खुर्च्या स्वतः ओढू लागले. एका बाईंनी विचारले, "इतकी घाई कशाला? पाणी तर लांब आहे." दाजी म्हणाले, "शिट्टी झाली ना, मॅडम. शिट्टी झाली की निघायचं असतं."

मी दाजींजवळूनच पाच खुर्च्या खांद्यावर घेऊन गेलो. त्यांनी मान खाली घातली. मला राग आला नाही. मी फक्त दमलो होतो. होडीत ताई शेजारी येऊन बसली आणि किनारा येईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला होता. ८.२५ ला सगळे धक्क्यावर होतो, असे बंदराच्या माणसाच्या वहीत लिहिले आहे. वळणदार अक्षर नाही, पण आकडा बरोबर आहे.

डिसेंबरचा हिशोब.

मिळाले: वेळेच्या कामाच्या नऊ रात्री (३० नोव्हेंबरची धरून), दर रात्री ४०० प्रमाणे ३,६००. खुर्च्यांच्या कामाची एक रात्र, २५०. एकूण ३,८५०.

खर्च: काकांची औषधे व मलमपट्टी १,१५०. दंडातला माझा अर्धा वाटा १,५०० (दाजी घेत नव्हते, ताईकडे दिला). बंदराच्या कचेरीत जाण्यायेण्याचे भाडे ४०. ही वही ३५. एकूण २,७२५.

शिल्लक: १,१२५.

देणे: जनरेटरच्या दुरुस्तीतला माझा वाटा, ६,०००. दाजी म्हणतात द्यायचा नाही. मी लिहून ठेवला आहे.

देणे: नावाडीकाकांना, हात चालू होईपर्यंत दर ओहोटीच्या रात्रीचे २००. काका म्हणतात, एका बोटासाठी कोणी पगार घेतो का. किती रात्री लागतील हे डॉक्टरही सांगत नाहीत. एकूण रकमेची जागा रिकामी सोडली आहे.